समुद्राचं पाणी पिकवणारी गावं

वाशी, तुर्भे, नेरुळ, घणसोली ही नावं तुम्ही रेल्वे स्टेशनांच्या पाट्यांवर वाचता ना? स्टेशनं यायच्या कितीतरी आधीपासून ती गावांची नावं होती! 1970 साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. त्याआधी इथले कोळी मासेमारी करायचे. आणि आगरी? ते चक्क समुद्राच्या पाण्यातून पीक काढायचे!

हे पीक म्हणजे मीठ. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी चढलं की ते मिठागरात घ्यायचं आणि एका उथळ तळ्यातून दुसऱ्यात सोडत जायचं. ऊन आणि वारा त्याला आटवत राहतात. आता गंमत ऐका. पाण्यातले सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत! आधी जिप्सम बसतं. पाणी आटून सुमारे दहावा हिस्सा उरलं, की मग मिठाचे पांढरेशुभ्र चौकोनी स्फटिक धरू लागतात. मॅग्नेशियमचे कडू क्षार मात्र पाण्यातच राहतात. ते कडू पाणी वेळेवर काढून टाकलं नाही, तर मीठही कडवट होणार. म्हणजे पाणी कधी, कुठे सोडायचं हे नेमकं कळायला हवं. मिठागरातल्या माणसांना ते कळत होतं, आणि हे अस्सल रसायनशास्त्रच आहे! शिवाय पाणी मुरू नये म्हणून तळ्यांची जमीन आधी पायांनी तुडवून घट्ट करायची. रणरणत्या उन्हात, खाऱ्या चिखलात. मिठाच्या चिमटीमागे केवढे कष्ट!

पण मला सगळ्यात आवडते ती उघाडी. खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीत, बांध घालून आत भातशेती करायचे. त्या बांधातलं दार म्हणजे उघाडी. तिची झडप फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरतीचं पाणी दाबलं की ती आपोआप बंद! ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं आणि जाताना मातीतला खारही धुऊन नेतं. ना मोटर, ना वीज!

तरी थोडा खार उरतोच. तो सोसणारे भात इथल्या शेतकऱ्यांनी जपले, काळा राता आणि भुरा राता. पनवेलला तर खारजमिनीचं संशोधन केंद्रच आहे. खार सोसणाऱ्या ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’ अशा भाताच्या जाती तिथूनच आल्या.

तुमच्या गावठाणातल्या एखाद्या आजोबांनी किंवा आजीने मिठागरात काम केलं असेल. त्यांना गाठा, उघाडी कुठे होती ते विचारा आणि वहीत तिचं चित्र काढून आम्हाला जरूर पाठवा!