गॅसबत्ती : राखेतून येणारा उजेड

एके काळी लग्नाच्या वरातीत डोक्यावरून मिरवणाऱ्या आणि तमाशाच्या फडात टांगल्या जाणाऱ्या गॅसबत्तीचे नाव फसवे वाटते, कारण तिच्या टाकीत गॅस नसून साधे रॉकेल असते. परंतु त्याहून मोठी फसगत अशी की तिचा डोळे दिपवणारा पांढरा उजेड ज्योतीचा नसतोच. ज्योत तेथे केवळ शेगडीचे काम करते. प्रकाशते ती ज्योतीत धरलेली राखेची जाळीदार पिशवी, आणि ती स्वतः जळत नाही, कारण जळण्याजोगे तिच्यात काही उरलेलेच नसते.

स्वयंप्रकाशी वस्तूंपैकी काजव्यासारख्या काही वस्तूंमध्ये रासायनिक क्रियेतली ऊर्जा तापमान न वाढवता थेट प्रकाशरूपाने बाहेर पडते. सूर्य, निखारा किंवा जुन्या विजेच्या दिव्यातली तार मात्र तापते म्हणूनच प्रकाशते. तापलेल्या पदार्थातले विद्युत्भारित कण सतत हालत असतात आणि त्या हालचालीतली ऊर्जा तरंगांच्या रूपाने बाहेर टाकत राहतात. तापमान कमी असता हे तरंग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण त्वचेला ऊब देणारे, असतात आणि तापमान वाढत जाते तसतसा त्यांत आधी तांबडा, मग पिवळा व शेवटी पांढरा प्रकाश मिसळत जातो. कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार झालेला प्रभाकर कंदील याच न्यायाने उजळत असे : वातीवरच्या ज्योतीत हवा अपुरी पडते, रॉकेलातला कार्बन पुरता जळत नाही आणि त्याचे सूक्ष्म कण तापून पिवळे दिसतात. काचेवर धरणारी आणि घरच्या बायकांना रोज पुसावी लागणारी काजळी हीच कंदिलाच्या उजेडाची खरी सामग्री होय.

गॅसबत्तीत नेमके याच्या उलट घडवलेले असते. पंप मारून टाकीत हवा कोंबली की तिच्या दाबाने रॉकेल वरच्या नळीत चढते, आणि ती नळी प्रारंभी वाटीतल्या स्पिरिटने तापवलेली असल्यामुळे रॉकेलची वाफ होते (नावातला ‘गॅस’ येथे काहीसा सार्थ ठरतो). मग ही वाफ बारीक छिद्रातून वेगाने सुटते, वाटेत भरपूर हवा ओढून घेते व बर्नरपाशी निळ्या ज्योतीने जळते. काजळी न उरल्यामुळे ही ज्योत अतिशय गरम पण जवळजवळ निस्तेज असते. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीच्या माक्स ग्रेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या जातीच्या दिव्याला ‘पेट्रोमॅक्स’ हे नाव दिले आणि पुढे कोणत्याही कंपनीच्या बत्तीला लोक तेच नाव देऊ लागले.

या यंत्राचा प्राण असलेले मँटल, बोलीत ‘मेंटल’, हे ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची निर्मिती. हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्या हाताखाली शिकलेल्या आउअर यांनी सुती जाळी धातूंच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून, वाळवून पेटवली. सूत जळून गेले आणि जाळीचा आकार राखून ऑक्साइडांचा ठिसूळ सांगाडा मागे उरला. १८८५ मधल्या पहिल्या मँटलचा उजेड हिरवट होता व ते टिकतही नसे, त्यामुळे धंदा बुडाला. पुढे आउअर थोरियमकडे वळले, परंतु थोरियम जितके शुद्ध करावे तितका उजेड मंदावत गेला. एखादा कमी चिकाटीचा माणूस येथे थांबला असता. उजेड देणारी वस्तू थोरियम नसून त्यातली अशुद्धी, म्हणजे सिरियम, आहे हे आउअर यांनी ओळखले आणि १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सिरियम ऑक्साइड हे प्रमाण ठरवले.

या एका टक्क्याचे मर्म गुस्ताव्ह किर्खॉफ यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या नियमात आहे : जो पदार्थ ज्या तरंगलांबीचा प्रकाश चांगला शोषतो, तोच पदार्थ तापल्यावर त्याच तरंगलांबीचा प्रकाश चांगला सोडतो. पांढरे थोरियम ऑक्साइड दृश्य प्रकाश शोषत नाही आणि जवळच्या अवरक्त तरंगांचाही वाईट शोषक आहे. म्हणून ते ज्योतीत तापत जाते, पण ती उष्णता किरणांच्या वाटे फारशी गमावत नाही व तापमानात ज्योतीच्या जवळ पोहोचते. त्यातले थोडेसे सिरियम मात्र दृश्य पट्ट्यात, विशेषतः निळ्या-हिरव्या भागात, प्रकाश सोडण्यात तरबेज असते आणि साचलेली उष्णता प्रकाशरूपाने खर्च करते. सिरियम वाढवले तर अवरक्त किरणांची गळतीही वाढते, मँटल थंडावते आणि उजेड मंदावतो. यात तापाखेरीज एखादी वेगळी, गूढ दीप्ती असावी अशी शंका अनेकांनी घेतली होती, परंतु उष्णतेचा हिशेब नीट मांडला की तिची गरज उरत नाही.

थोरियमचे मोनाझाइट हे खनिज भारतात त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत विपुल सापडले, ते १९०९ मध्ये जर्मन रसायनज्ञ शोमबेर्ग यांच्या लक्षात आले आणि मँटलच्या कारखान्यांसाठी ती वाळू परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात मुंबईजवळ तुर्भ्याला थोरियम नायट्रेटचे उत्पादन सुरू झाले, तेही बऱ्याच अंशी मँटलसाठीच. थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे पुढे पुष्कळ देशांत त्याची जागा यिट्रियमने घेतली.

या वाळूतून थोरियम काढून घेतल्यावर सिरियम व त्याच्यासारख्या धातूंचे ढीग मागे उरत आणि मँटलच्या राखेत तर सिरियम जेमतेम एक टक्का पुरे. आउअर यांनी १९०३ मध्ये या उरलेल्या धातूंत लोखंड मिसळून घासताच ठिणग्या देणारा मिश्रधातू बनवला. सिगारेट लायटरचे चाक फिरवल्यावर उडणारा, आणि मँटलच्या उलट खरोखरच जळून प्रकाशणारा, कण हा अशा रीतीने गॅसबत्तीच्या टाकाऊ मालातून आलेला आहे.