मे महिन्यात नेपाळला सेवेला जाताना



ईस्टर झाला की आपल्या भागातल्या बऱ्याच मंडळ्यांत उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये एक सूचना हमखास येते. तरुण संघाचा उन्हाळी सेवा-दौरा, नावे अमुक तारखेपर्यंत द्यावीत. पूर्वी हे दौरे कोकणात नाहीतर खानापूरच्या बाजूच्या खेड्यांत असायचे. आता पोरांना परदेश हवा. आणि परदेश म्हटला की खिशाला परवडणारा एकच, नेपाळ. व्हिसा नको. विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं (मोठ्या माणसांचं आधार कार्ड तिथे चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते). पैशाचा हिशेबही सोपा. आपल्या १०० रुपयांचे त्यांचे १६०.

मी अशा गटाबरोबर दोनदा पाल्पा जिल्ह्यात जाऊन आले. स्वयंपाकाला आणि मुलींच्या सोबतीला कुणीतरी बाई माणूस हवं म्हणून गेले होते. यंदा आमच्या मंडळीत या दौऱ्यावरून बरीच वादावादी झाली. पंचमंडळातले एक ज्येष्ठ स्पष्टच म्हणाले, "एवढा खर्च करून जाऊन करता काय तिथे? तेवढे पैसेच पाठवा की." तरुणांना ते लागलं. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय कुणी पिशवी भरू नये असं मला वाटतं. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब बघू. समजा माणशी पंधरा हजार खर्च आला आणि बारा जण गेले. झाले १ लाख ८० हजार. म्हणजे नेपाळी २ लाख ८८ हजार. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा, बुटवलहून घाट चढत तानसेन आणि तिथून आत खेड्यात, यातच जाऊन-येऊन सहा-सात दिवस जातात. हातात उरतात आठ दिवस. त्या आठ दिवसांत कॉलेजची पोरं दगड वाहतात, भिंतीला रंग देतात. तेच काम गावचा गवंडी अर्ध्या वेळात आणि कितीतरी चांगलं करतो. शिवाय त्याला मजुरीही मिळते. पाल्प्याच्या खेड्यांत पुरुष माणूस आधीच कमी. आखाती देशांत, मलेशियात नाहीतर आपल्याच मुंबई-पुण्यात पोटासाठी गेलेला. नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा बाहेरून पाठवलेल्या पैशाचा असतो. अशा ठिकाणी गावात उरलेल्या गवंड्याचं काम आपण फुकट करून काढून घेतलं, तर त्याला सेवा कशी म्हणायची?

म्हणजे मजुरीसाठी जायचं असेल तर जाऊ नये, पैसे पाठवावेत. इथवर ज्येष्ठांचं बरोबर.

मग उपदेशासाठी? तिथे तर आणखी जपून. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत कलम २६ प्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपली पोरं उत्साहाने चौकात गिटार घेऊन उभी राहतात, पत्रकं वाटतात, आणि दोन दिवसांनी गाडीत बसून निघून येतात. मागे राहतो तो तिथला पाळक. पोलीस चौकीत बोलावणं त्याला येतं, शेजाऱ्यांचे प्रश्न त्याला येतात. ज्याची किंमत दुसऱ्याने मोजायची त्याला धैर्य म्हणू नये.

माझ्या हिंदू शेजारणींनी मला सरळ विचारलं होतं, "काय हो, बाटवायला जाता का तिकडे?" मी म्हटलं, नाही. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. आमच्या गटाने निघण्याआधी लिहून सही केलेल्या नियमांत पहिलाच नियम तो होता. रस्त्यात, शाळेत, दवाखान्यात धर्माविषयी भाषण नाही. कुणाला पैशाचं, औषधाचं, शिक्षणाचं आमिष नाही. मंडळीच्या घरात मंडळीबरोबर उपासना, आणि कुणी विचारलं तर आपण कोण ते सांगणं. हे शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून इथे लिहिते.

यात आपण काही कमी करतो असं कुणाला वाटत असेल तर नेपाळच्या मंडळीचा इतिहास बघा. १९५० च्या सुमारापर्यंत परदेशी मिशनरींना त्या देशात राहण्याची मुभा नव्हती. नेपाळी भाषेतलं संपूर्ण पवित्र शास्त्र १९१४ मध्ये तयार झालं तेही नेपाळबाहेर, दार्जिलिंगला, गंगाप्रसाद प्रधान यांच्या हातून. लिली ओहॅनलॉन नावाच्या डॉक्टर बाई आणि हिल्डा स्टील सीमेवरच्या नौतनव्यात दवाखाना चालवत वर्षानुवर्षं थांबल्या. १९५२ साली परवानगी मिळाल्यावर डोंगर चढून पोखऱ्याला पायी गेल्या. तानसेनचं रुग्णालयही तसंच उभं राहिलं. मसुरीच्या शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला तिकडे गेले होते. लोकांना दवाखान्याची किती गरज आहे ते त्यांनी पाहिलं. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. बेथेल फ्लेमिंग आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स यांनी तानसेनला रोगी तपासले. १९५३ मध्ये सरकारची परवानगी आली आणि १९५४ च्या मार्चमध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था स्थापन झाली. कुठे, ठाऊक आहे? आपल्या नागपुरात. नेपाळ आपल्याला वाटतो तेवढा लांब नाही तो असा.

या संस्थेने सरकारची अट मान्य केली की धर्मप्रसार करायचा नाही, नेपाळी माणसं तयार करायची. परदेशी डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक आपापलं काम करत राहिले. मंडळ्या चालवल्या त्या नेपाळी लोकांनी, तुरुंगात गेले तेही नेपाळीच. १९६१ च्या जनगणनेत त्या देशात ख्रिस्ती म्हणून नोंद झालेले होते ४५८. २०२१ च्या जनगणनेत ५ लाख १२ हजार ३१३. बाहेरच्यांच्या भाषणांनी हे झालेलं नाही. तिथल्या घराघरांतल्या साक्षीने झालं. तेव्हा आठ दिवसांत आपण जाऊन काही "सुरू" करणार आहोत हा समज इथेच, बेळगावच्या स्टेशनवरच सोडून द्यावा.

आपल्या जवळचं उदाहरणही विसरू नये. मिरजेच्या वानलेस रुग्णालयात आपल्यापैकी किती जणांचे जन्म झालेत! डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं, आणि ते परत गेले १९२८ ला. जवळजवळ चाळीस वर्षं. आठ दिवस आणि चाळीस वर्षं यांना आपण एकच शब्द वापरतो, मिशन. वापरा, पण मनात फरक ठेवा.

मग जायचं तरी कशाला? माझं उत्तर असं की भेटीसाठी जावं. आजारी नातलगाला बघायला आपण जातो तेव्हा डॉक्टर होऊन जात नाही. तरी त्याला बरं वाटतं, आणि आपल्यालाही काही कळतं. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना दोघे-दोघे करून पाठवलं, तेव्हा थैली नको, झोळी नको असं बजावलं होतं. पुढ्यात वाढतील ते खावं, त्याच घरी राहावं. म्हणजे देणारा बनून नाही, पाहुणा बनून जायचं. पाहुण्याला मान खाली घालावी लागते. आपल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोरांना तीच सवय कमी आहे.

पाल्प्याला हे फार चांगलं शिकायला मिळतं. तिथे उपासना रविवारी नाही, शनिवारी, कारण सुट्टी शनिवारची. चपला बाहेर, सगळे जमिनीवर, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये मादल वाजतोय. घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. भेटल्यावर दोन्ही हात जोडून "जय मसीह". लिपी देवनागरीच, त्यामुळे आमच्या मुलांनी नेपाळी शास्त्र मोठ्याने वाचलं आणि म्हाताऱ्या बायका कौतुकाने हसल्या. तिथे धाकट्या बहिणीला बहिनी म्हणतात. आमच्यातल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला गावभर ती हाक ऐकू यायची आणि "मला वहिनी का म्हणतात?" म्हणून ती बिचारी गोंधळून गेली होती.

याच शनिवारी घडलेली एक गोष्ट तिथे अजून हळू आवाजात सांगतात. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना मोठा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसं गेली. शाळा बंद होत्या म्हणून मुलं वाचली. पण शनिवार असल्यामुळे मंडळ्या उपासनेला बसलेल्या होत्या, आणि कित्येक ठिकाणी छप्पर त्यांच्यावरच आलं. भाऊ गमावलेली एक बाई आमच्या मुलींना हे सांगत होती. मुलींनी काही उपदेश केला नाही. भांडी घासता घासता ऐकत बसल्या, बास. निघताना ती बाई म्हणाली, "बाहेरचं कोणी एवढा वेळ बसलं नव्हतं." पंचमंडळाच्या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं उत्तर एवढंच आहे. तुम्हाला ते १ लाख ८० हजारांच्या मोलाचं वाटतं का, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं. पण त्याला अटी आहेत.

पहिली अट, बोलावणं आल्याशिवाय जाऊ नये. तारीख त्यांनी ठरवावी. मे महिना आपल्या सुट्टीचा. तिथे शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणजे मेमध्ये मुलं वर्गात असतात आणि मोठी माणसं मक्याच्या खुरपणीत. आपण टपकलो की त्यांना काम टाकून आपली सरबराई करावी लागते. आम्ही दुसऱ्या खेपेला सकाळी त्यांच्याबरोबर खुरपायलाच गेलो. आपल्या शेतकऱ्यांची पोरं तिथे उपयोगी पडली, शहरातली हाताला फोड आणून बसली.

दुसरी अट, बालगृहांचे दौरे नकोत. नेपाळमध्ये अशा गृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. चांगल्या शाळेच्या आशेने डोंगरातून आणलेली ही मुलं पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी केल्याची प्रकरणं तिथे उघडकीला आली आहेत. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून आणखी मुलं आणली जातात. आठ दिवस लळा लावून निघून जायचं, हे त्या लेकरांवर प्रेम नव्हे. द्यायचंच असेल तर मूल आपल्या घरी राहून शिकेल अशा कामाला द्यावं.

तिसरी, पैसा कुणाच्या हातात परस्पर देऊ नये. मंडळीच्या खजिनदाराकडे, पावती घेऊन. चौथी, फोटो विचारून काढावेत. फाटक्या कपड्यातल्या मुलाला मांडीवर घेऊन काढलेला फोटो आपल्या मुलाचा कुणी काढला तर आपल्याला चालेल का?

पाचवी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण मोठ्या देशाचे आहोत ही ऐट तिथे नको. २०१५ च्या सप्टेंबरपासून काही महिने सीमेवरून माल अडला तेव्हा भूकंपातून सावरणाऱ्या त्या लोकांकडे गॅस नव्हता, औषधं नव्हती. ते त्यांच्या लक्षात आहे. आणि आपल्याकडे? रात्री अपार्टमेंटचं गेट उघडणाऱ्या नेपाळी माणसाला आपण सगळे "बहादूर" म्हणून हाक मारतो. त्याचं खरं नाव किती जणांना माहीत आहे? तो पाल्प्याचा आहे की रोल्प्याचा, त्याची मुलं कुणाकडे आहेत, त्याला सुट्टी कधी असते?

म्हणून यंदा आमच्या मंडळीने ठरवलंय की बारा जणांऐवजी सहा जण जातील. त्यात एक नर्स आहे, एक वायरमन आहे. तिथल्या पाळकांनी मागितलेली माणसं तीच. उरलेल्यांच्या खर्चाचे पैसे त्यांच्या छपराला जातील, काम गावचे गवंडी करतील. आणि जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी दोन महिने आपल्या गल्लीतल्या एका नेपाळी कुटुंबाची ओळख करून घ्यायची, नावानिशी, आणि परत आल्यावर ती टिकवायची. ज्याला एवढं जमणार नाही त्याचं तिकीट काढायचं नाही.

तरुणांनी आधी कुरकुर केली. आता त्यांच्यातले दोघे एका वॉचमनच्या मुलाला शाळेच्या दाखल्यासाठी कागदपत्रं मिळवून द्यायला फिरतायत. ज्येष्ठांनी स्वतःच्या पेन्शनीतून छपरासाठी पहिले दोन हजार दिले.

इतर मंडळ्यांतून नेपाळला जाणाऱ्यांनी या अटींवर विचार करावा, आणि काही राहून गेलं असेल तर याच पानावर लिहावं, ही विनंती. प्रभूची शांती सर्वांबरोबर असो.

— एक मंडळी-भगिनी, बेळगाव