भीतीला कथेत बांधताना

चिंतेला आकार नसतो. नेमके काय होणार आहे हे सांगता येत नाही, म्हणून ती अधिक छळते. भयकथा लिहिताना या निराकार धास्तीला चेहरा द्यावा लागतो. ती जिना चढते, दार वाजवते, शेवटी थांबतेही. कुठे थांबायचे हे मात्र लिहिणारा ठरवतो. भयकथा लिहून मनाला मिळणारा आधार मुख्यतः या ताब्यात आहे.

मराठी लोकपरंपरेला ही गोष्ट जुन्या काळापासून ठाऊक आहे. मुंज झाली पण सोडमुंजीआधी मुलगा गेला, तर तो मुंज्या होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात दगावलेली बाई अळवंतीण होते. अकाली मृत्यूचे दुःख घरात उघडपणे बोलता येत नसे, ते भुताच्या गोष्टीत बोलले जाई. पुढे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी या भीतीला लिखित साहित्यात भक्कम जागा दिली. मतकरींच्या गूढकथांत भूत बाहेरून येण्याऐवजी बहुधा माणसाच्या मनातूनच उठते.

मतकरींनीच ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्यही लिहिले. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. दादरचे शिवाजी मंदिर असो वा माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर, बालनाट्यात चेटकीण आली की मूल आईचा हात घट्ट धरते, डोळे मिटते आणि बोटांच्या फटीतून पुन्हा पाहते. दिवे लागतात तेव्हा त्याला कळते की भीती आली, गेली आणि आपण शाबूत आहोत. भयकथा लिहिणारा हाच अनुभव स्वतःच्या हाताने घडवतो.

लिहिण्याने मनाला आधार मिळतो, याला काही शास्त्रीय अभ्यासांनीही दुजोरा दिला आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. आघाताची घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर आधी अस्वस्थ वाटले. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेलनी ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांना असे दिसले की, आघात सोसलेल्या विद्यार्थिनींनी स्वतःचा नव्हे, तर कल्पित आघात लिहिला तरी असा लाभ होतो. स्वतःची जखम थेट न उघडता दुसऱ्या पात्राच्या अंगावर ठेवणे, हे तर भयकथेचे मूळ तंत्र.

जागतिक साहित्यातही याची खूण सापडते. मेरी शेलीची पहिली मुलगी १८१५ मध्ये काही दिवसांची असतानाच गेली. शेकोटीजवळ चोळल्यावर बाळ पुन्हा जिवंत झाले, असे स्वप्न पडल्याची नोंद तिच्या रोजनिशीत आहे. मृत देहात प्राण फुंकणाऱ्या माणसाची तिची कादंबरी, ‘फ्रँकेनस्टाइन’, १८१८ मध्ये आली.

भयकथा लिहायला सुरुवात करणाऱ्याने ती छोट्या भीतीपासून करावी: बंद पडलेली लिफ्ट, रात्री वाजलेला फोन. गोष्ट तृतीयपुरुषी लिहावी, वेळ ठरवून लिहावी आणि अर्धवट सोडू नये. ताज्या, मोठ्या आघातावर एकट्याने लिहायला बसू नये. लिहिताना झोप उडत असेल, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर वही मिटून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. लेखन आधार देते. ते उपचारांची जागा घेत नाही. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे.