तिथी आणि साल : ज्यू स्मृतीचा इतिहासाशी असलेला तंटा

स्मरण ठेवा, असे हिब्रू बायबल पुन्हा पुन्हा बजावते. त्यासाठीचा शब्द ‘झाखोर’. १९८२ मध्ये योसेफ हायिम येरुशाल्मी या इतिहासकाराने याच नावाचे छोटेखानी पुस्तक लिहून एक अवघड प्रश्न विचारला. जो समाज स्मरणाला धर्मकर्तव्य मानतो, त्याने पहिल्या शतकातील जोसिफसनंतर, तुरळक अपवाद सोडता, जवळजवळ पंधराशे वर्षे इतिहास का लिहिला नाही?

त्यांचे उत्तर असे की, स्मृतीला इतिहासाची गरजच भासली नाही. ते काम विधी आणि प्रार्थनांनी केले. वल्हांडणाच्या रात्री जेवणापूर्वी ‘हग्गादा’ वाचतात, ती आपण स्वतःच मिसरमधून सुटून आलो आहोत या भावनेने. (बेने इस्राएलांच्या या महाराष्ट्रात, पुण्याला, १८७४ मध्ये ती मराठी भाषांतरासह छापली गेली.)

या स्मृतीची रीत एका तिथीवरून नीट कळते. ११७१ मध्ये फ्रान्समधील ब्लुआ येथे ज्यूंवर ख्रिस्ती मुलाच्या खुनाचा आळ आला. प्रेत सापडलेच नाही, तरी तीसेक माणसे जाळली गेली. दिवस होता सिवान महिन्याचा विसावा. पुढे १६४८ मध्ये ख्मेल्नित्स्कीच्या बंडात युक्रेनमधील नेमिरोवच्या ज्यूंची कत्तल झाली, तीही त्याच तिथीला. पोलंडमधील ज्यूंच्या परिषदेने १६५० मध्ये त्याच दिवशी उपवास ठरवला. योम तोव लिपमान हेलर या धर्मगुरूंनी तर आरंभी नव्या प्रार्थना रचण्याऐवजी ब्लुआच्याच जुन्या प्रार्थना निवडल्या. दोन्ही आकांत त्यांना एकच वाटले.

तिथी पक्की, साल मात्र पुसट, हे आपल्याही घरांत अपरिचित नाही. पण त्यात काही हरवते. पोलिश जमीनदार, पिळले गेलेले शेतकरी आणि त्या दोघांमध्ये खंडाने जमिनी घेणारे ज्यू, हा १६४८चा गुंता ब्लुआच्या प्रार्थनेत कुठून येणार? तो नाथान हानोव्हर यांच्या १६५३ मध्ये व्हेनिसला छापलेल्या वृत्तांतात सापडतो.

आधुनिक इतिहास स्मृतीची जागा भरून काढू शकत नाही, असे येरुशाल्मी सुचवतात. इथे मला त्यांच्याशी थोडे भांडावेसे वाटते. वॉर्साच्या घेटोत इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गटाने जे गोळा केले, त्यात रोजनिश्या होत्या, तशीच रेशनची कुपने, ट्रामची तिकिटे, मिठाईचे कागदही होते. म्हणजे हा आकांत इतरांसारखा कुठे नव्हता, तेच त्यांना टिपायचे होते. १९४२च्या ऑगस्टमध्ये पत्र्याच्या पेट्या आणि पुढे दुधाच्या किटल्या जमिनीत पुरल्या गेल्या. मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम मारले गेले. १९४६ मध्ये पेट्या हाती लागल्या, १९५० मध्ये किटल्या. गटातले तिघेच वाचले होते. त्यांतले हर्श वासर यांना पेट्यांची जागा ठाऊक होती.