वहीत सगळं बरोबर, पेपरात मात्र अडतं: एआयच्या मदतीने अभ्यास करताना नेमकं काय होतं?

माझी भाची दहावीत आहे. मराठी माध्यम, गणिताची शिकवणी नाही. दिवाळीत ताईकडे गेलो तेव्हा तिची गणिताची वही चाळली आणि खूश झालो. प्रत्येक सरावसंचातलं प्रत्येक उदाहरण सोडवलेलं, पायऱ्या नीट मांडलेल्या, उत्तराखाली दोन रेघा. मग ताईने घटक चाचणीचा पेपर आणून हातात दिला. २० पैकी ७.

"अगं, वहीत तर सगळं बरोबर आहे की!"

"मामा, ते चॅटजीपीटीला विचारून केलंय. पण नुसतं उतरवलं नाही हां मी, समजून घेतलं होतं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच समजल्यासारखं वाटलं होतं. हे 'वाटणं' आणि परीक्षेत 'येणं' यांत एवढं अंतर का पडतं, ते आज बघूया. कारण हा प्रश्न एकट्या भाचीचा नाही, आणि त्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे.

तुर्कस्तानातल्या एका शाळेचा प्रयोग

२०२३ च्या शेवटी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे एक हजार मुलांवर एक प्रयोग केला. मुलं नववी ते अकरावीची, विषय गणित. प्रत्येक तासाला आधी शिक्षक धडा उजळवून घ्यायचे, मग मुलं उदाहरणांचा सराव करायची आणि शेवटी पुस्तक-मदत काहीही न घेता परीक्षा द्यायची.

सरावाच्या वेळी मुलांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाकडे फक्त वही आणि पुस्तक. दुसऱ्या गटाला जीपीटी-४ वर चालणारा साधा चॅटबॉट दिला, म्हणजे आपण मोबाइलवर वापरतो साधारण तसाच. तिसऱ्या गटालाही जीपीटी-४ च, पण त्याला 'उत्तर सांगायचं नाही, फक्त हिंट द्यायची' असं बजावून ठेवलेलं.

सरावात साध्या चॅटबॉटवाल्या मुलांची कामगिरी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली आणि हिंटवाल्यांची तर १२७ टक्क्यांनी. इथेच थांबलो असतो तर 'एआयमुळे गणित सुधारलं' अशी बातमी झाली असती. पण नंतर मदत काढून घेतली आणि परीक्षा झाली. साध्या चॅटबॉटवाल्या मुलांचे गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आले. म्हणजे ज्यांनी एआयला हातही लावला नाही त्यांची सरासरी १०० धरली, तर यांची ८३. हिंटवाला गट परीक्षेत वही-पुस्तकवाल्यांच्या जवळपास बरोबरीला राहिला. नुकसान टळलं, पण सरावातली ती मोठी उडी परीक्षेत काही दिसली नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. साध्या चॅटबॉटवाल्या मुलांना आपण मागे पडलोय याचा पत्ताच नव्हता. आणि हिंटवाल्यांना वाटत होतं की आपला पेपर इतरांपेक्षा झकास गेलाय. मुलं चॅटबॉटला काय विचारत होती, तेही तपासलं गेलं. बरेचदा प्रश्न एकच: उत्तर काय?

मग शिकणं नेमकं कुठे हरवतं?

एक उदाहरण घेऊ. एका आयताकृती बागेची लांबी तिच्या रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त आहे. क्षेत्रफळ ७० चौरस मीटर. तर लांबी आणि रुंदी किती?

चॅटबॉट लगेच मांडून देतो: रुंदी × (रुंदी + ३) = ७०. मग अवयव पाडतो, रुंदीच्या दोन किमती काढतो, ७ आणि उणे १०. रुंदी उणे असू शकत नाही म्हणून दुसरी किंमत सोडून देतो. रुंदी ७ मीटर, लांबी १० मीटर. वाचताना प्रत्येक ओळ पटते, मान आपोआप डोलते. झालं, समजलं!

आता हेच उदाहरण कोऱ्या पानावर घेऊन बसा. पहिला प्रश्न पडतो, काय मानायचं, लांबी की रुंदी? लांबी मानली तर चालेल का? (चालेल, पण मग रुंदी 'लांबी वजा ३' होईल, आणि नेमकी इथेच चिन्हाची चूक होते.) मग ७० चे असे दोन अवयव शोधायचे ज्यांच्यात ३ चा फरक आहे. १४ आणि ५? नाही, फरक ९. ३५ आणि २? अजून लांब गेलो. १० आणि ७! या चाचपडण्यात पाच-सात मिनिटं जातात, खोडरबर झिजतं, चिडचिड होते. पण पुढच्या वेळी बागेऐवजी शेत आलं, ३ ऐवजी ५ आलं, तरी सुरुवात कुठून करायची हे त्या चाचपडण्यातूनच कळतं. चॅटबॉटने नेमका हाच भाग करून दिलेला असतो. मुलाच्या वाट्याला उरतं ते वाचन.

आणि वाचून 'कळलेलं' किती टिकतं? अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटीच्या खूप आधी, एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. घटक चाचणी काही पाच मिनिटांनी होत नाही.

एकच मॉडेल, वेगळी वागणूक कशी?

तांत्रिक भाग इथे येतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. तुर्कस्तानातल्या दोन्ही गटांच्या हातात मॉडेल एकच होतं. फरक होता तो आधी दिलेल्या सूचनांचा. अशा सूचनांना 'सिस्टीम प्रॉम्प्ट' म्हणतात. तुम्ही प्रश्न टाइप करण्याआधीच मॉडेलला पडद्याआडून सांगून ठेवलेलं असतं की तू कोण आहेस आणि कसं वागायचं. हिंटवाल्या बॉटच्या सूचनांमध्ये शिक्षकांनी प्रत्येक उदाहरणाचं बरोबर उत्तर आणि मुलं हमखास करतात त्या चुकाही घातल्या होत्या.

ही उत्तरं घालण्याला कारण होतं. भाषा मॉडेल हे कॅल्क्युलेटर नाही. आधीच्या मजकुरावरून पुढे काय येईल याचा अंदाज बांधत ते लिहितं. त्या प्रयोगात साध्या चॅटबॉटचं उत्तर जवळपास निम्म्या वेळाच बरोबर यायचं! आजची मॉडेल्स शालेय गणितात खूपच सुधारली आहेत. पण त्यामुळे उतरवून काढण्याचा मोह वाढलाच आहे, असं माझं मत.

नीट बांधलेला एआय शिक्षक किती चांगला ठरू शकतो, याचंही उदाहरण आहे. हार्वर्डमध्ये २०२३ मध्येच भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. प्राध्यापकांनी पायरीपायरीने बांधलेल्या एआय ट्यूटरकडून शिकलेली मुलं चांगल्या, चर्चा-कृती असलेल्या वर्गातल्या मुलांपेक्षा कमी वेळात दुपटीहून जास्त शिकली. म्हणून 'एआय वाईट' किंवा 'एआय चांगलं' अशा वादात मला फारसा रस नाही. प्रश्न आहे तो डोकं कोण चालवतंय, याचा.

कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. चॅटजीपीटीमध्ये जुलै २०२५ पासून 'स्टडी मोड' आला, गुगलच्या जेमिनीत त्यानंतर लगेच 'गाइडेड लर्निंग'. दोन्हींत उत्तराऐवजी प्रश्न विचारत पुढे नेतात. अडचण एवढीच की हा मोड एका टॅपमध्ये बंद करता येतो, आणि रात्री साडेदहाला गृहपाठ बाकी असताना मूल तो बंद करणारच.

मोड सापडत नसेल तर साध्या चॅटमध्ये हे मराठीतच लिहा:

"मी दहावीत आहे, मराठी माध्यम. मी उदाहरण देईन. उत्तर किंवा पूर्ण सोडवणूक देऊ नकोस. आधी मी काय विचार केला ते विचार. मी चुकलो तर चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग. एका वेळी एकच हिंट दे."

चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम इन्स्ट्रक्शन्स' आहे, तिथे हे एकदाच टाकून ठेवता येतं. (वयाचंही बघा. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी चॅटजीपीटी नाही, आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते.)

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी थोडं वेगळं

मराठी माध्यमाच्या मुलांना या टूल्सचा खरा फायदा मला दिसतो तो अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत 'त्वरण' शिकलेलं मूल अचानक 'ॲक्सिलरेशन'च्या वर्गात जाऊन बसतं. सर काय म्हणाले हे विचारायला घरी कुणी नसतं. तिथे 'हा परिच्छेद मला मराठीत समजाव, इंग्रजी संज्ञा तशाच ठेव' असं विचारणं म्हणजे कॉपी नव्हे. ते शिकणंच आहे, कारण उदाहरण सोडवायचं काम अजून मुलाकडेच असतं.

मात्र संज्ञांवर लक्ष ठेवा. या मॉडेल्सनी मराठीपेक्षा हिंदी कितीतरी जास्त वाचलेली असते, त्यामुळे मध्येच 'अपूर्णांक' ऐवजी 'भिन्न' किंवा 'वर्गमूळ' ऐवजी 'वर्गमूल' येऊ शकतं. परीक्षेत बालभारतीचाच शब्द लागतो. पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, शंका आली की तिथे बघा.

आता पालकांचं. ज्या घरात शिकवणी परवडते, तिथे सर फळ्यापाशी बोलावतात आणि मुलाचं बिंग आठवड्यात फुटतं. ताईसारख्या घरात मोबाइल हीच शिकवणी असते आणि वही बघून सगळे खूश असतात. ताई स्वतः दहावी झालेली, वर्गसमीकरण तिला आठवत नाही. पण दिवाळीनंतर तिने एक सुरू केलंय. रात्री जेवणं आवरली की वहीतल्या कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, "ही ओळ कशी आली गं?" उत्तर बरोबर की चूक, हे तिला कळत नाही. पोरगी अडखळली, हे मात्र बरोबर कळतं. मग त्या उदाहरणावर पेन्सिलने फुली. रविवारी सकाळी फुल्यांची उदाहरणं कोऱ्या पानावर पुन्हा सोडवायची, मोबाइल तोपर्यंत स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर. पहिल्या रविवारी अकरा फुल्या होत्या. भाचीने मला फोन करून तक्रार केली की आई फार छळते.