जोंधळ्याला 'श्री' लागले, पाकीट मात्र आमच्या वाट्याला!

साताऱ्याचे एस. टी. स्टँड असो की सांगलीचे, टपऱ्यांच्या दारात चकचकीत पाकिटांच्या माळा लोंबत असतात. पूर्वी या माळांत बटाट्याचे वेफर्स आणि कुरकुरे एवढेच असायचे. आता त्यांच्या शेजारी 'मल्टिग्रेन' चिप्स येऊन बसल्या आहेत. मल्टिग्रेन म्हणजे अनेक धान्यांचे. पाकिटावर भरलेले कणीस, मातीचे रंग आणि ज्वारी, बाजरी, नाचणी अशी नावे. आपल्या आयाबायांनी चुलीपुढे बसून ज्याच्या भाकरी थापल्या, तेच हे धान्य! फरक इतकाच की भाकरी खाणारा गावंढळ ठरला आणि चिप्स खाणारा आरोग्याविषयी जागरूक.

या बाजारातला एक मोठा ब्रँड म्हणजे 'टू यम्म'. कोलकात्याच्या आरपी-संजीव गोएंका समूहाने तो २०१७ साली आणला आणि जाहिरातीला विराट कोहलीला उभे केले. मल्टिग्रेन चिप्स हा त्याचा एक प्रकार. मालक कंपनीचे नाव मोठे वाचण्यासारखे आहे : गिल्टफ्री इंडस्ट्रीज. गिल्ट म्हणजे अपराधाची भावना. म्हणजे खा, पण खाल्ल्याचा अपराध वाटून घेऊ नका! वाचकहो, खाल्ल्यामुळे अपराधी वाटणे हा ज्यांचा प्रश्न आहे असाही एक वर्ग या देशात आहे. आमच्या बापजाद्यांना न मिळाल्याचे दुःख ठाऊक होते. खाल्ल्याचा पश्चात्ताप ही चैन त्यांना कधी परवडली नाही. कंपनीला दोष द्यायचे कारण नाही, गिऱ्हाइकाची नाडी ओळखणे हा तिचा धंदा आहे. पण ज्या धान्याच्या जोरावर ही अपराधमुक्ती विकली जाते, त्या धान्याचा इतिहास पाकिटावर छापलेला नसतो. तो आपणच सांगितला पाहिजे.

साताऱ्याचे माण-खटाव आणि सांगलीचे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा कमी पावसाचा पट्टा. कृष्णाकाठी ऊस, इकडे जोंधळा आणि बाजरी. १९०१ च्या सुमारास याच खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर तळे खोदले जात होते आणि सुभेदार रामजी तिथे कॅशियर होते. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. पुढे रात्री सोबत खायला भरपूर असूनही ती उपाशी झोपली, कारण अस्पृश्यांच्या पोरांना पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. डब्यात अन्न असणे आणि ते पोटात जाणे, या दोहोंच्या मध्ये या देशात जात उभी असते.

आणि डब्यात तरी काय असायचे? बलुत्यात खळ्यावरचे उरलेसुरले धान्य. घरोघर मागून आणलेल्या तुकड्यांच्या टोपलीत एका घरची जोंधळ्याची, दुसऱ्या घरची बाजरीची, तिसऱ्या घरची शिळी कोर. खरे मल्टिग्रेन ते! आटपाडीच्या शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ'मध्ये तराळकीचे ते जिणे लिहिले आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत हे उष्टे-शिळे तुकडे सोडा म्हणून बजावले. ते सोडताना लोकांनी उपास काढले, पण सोडले. पुढे १९७२ च्या दुष्काळात याच भागातली माणसे खडी फोडत होती आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढत होती. मग रेशनवर गहू आणि तांदूळ आले, चपाती प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी दारिद्र्याची खूण बनली. ताकारी, म्हैसाळ, टेंभूचे पाणी पोचले तिथे जोंधळ्याच्या रानात ऊस आणि द्राक्षे उभी राहिली. ज्याला रानच नाही त्याला त्या पाण्याचा वाटा किती, हा प्रश्न पाणी परिषदांमध्ये वर्षानुवर्षे विचारला गेला आहे.

आता या धान्याच्या नावाची गंमत पाहा. सरकारदरबारी ते 'भरड धान्य' होते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून त्याला 'पोषक धान्य' केले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पी भाषणात त्याला 'श्री अन्न' ही पदवी मिळाली. भरडचे पोषक, पोषकचे श्री! नाव बदलून इतिहास पुसण्याची ही रीत आम्हाला नवी नाही. आम्हालाही कोणी 'हरिजन' म्हणाले होते. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद उठून बाहेर पडले. नावाने पाणवठा खुला होत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. जोंधळ्याला 'श्री' लावल्याने तो पिकवणाऱ्याच्या घरात काय बदलले, एवढेच आपण विचारायचे.

उत्तर आकड्यांत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला, बाजरीचा २,७७५. म्हणजे किलोला साडेसदतीस आणि पावणेअठ्ठावीस रुपये, आणि बाजारात तेवढा तरी पदरात पडेल याची खात्री नाही. आता दहा रुपयांचे पाकीट हातात घ्या आणि वजन बघा. २५ ग्रॅम असेल तर किलोला ४०० रुपये झाले! बाकीची जागा नायट्रोजनने फुगवलेली. चिप्स मोडू नयेत आणि तेल खवट होऊ नये म्हणून तो भरतात हे खरे, पण मुलाच्या डोळ्याला मात्र पाकीट भरलेले दिसते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेच भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. रेशनच्या पिशवीत मात्र बहुतेक ठिकाणी गहू-तांदूळच पडला. एक रुपयाने द्यायचे ते धान्य गरिबाच्या घरी पोचले नाही, चारशेने विकायचे मात्र वाडीवस्तीवरच्या टपरीपर्यंत पोचले.

म्हणून पाकीट उलटे करून वाचायची सवय आपल्या घराघरांत लागली पाहिजे. कायद्याप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि ज्या घटकाची जाहिरात केली त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. दर्शनी बाजूला ज्वारी-नाचणी ठळक आणि मागच्या बाजूला मका, तांदूळ, तेल यांच्यानंतर ज्वारी-नाचणीपुढे एक बारीक आकडा असेल, तर समजून घ्या की धान्य तोंडी लावण्यापुरते आहे. अक्षरे इतकी बारीक की वाचायला भिंग लागावे, आणि तीही बहुधा इंग्रजीत. ज्या आईने रात्रशाळेत जाऊन मराठी वाचायला शिकून घेतले, तिला या शिक्षणाचा दुकानात उपयोग होऊ नये अशीच ही योजना. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. ते निरक्षरालाही कळतात. आपल्याकडे २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे आले! त्यातही भरड धान्य, तंतू, प्रथिने यांचे गुण मिळून मिठा-तेलाचे दोष झाकले जाण्याची सोय. ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नावर तीन महिन्यांची मुदत घालावी लागली. मुलांच्या पोटाचा प्रश्न कोर्टात जाईपर्यंत अधिकारी काय करत होते?

चिप्स संपतात, पाकीट उरते. प्लास्टिकचे थर आणि मध्ये धातूचा मुलामा असे ते एकजीव केलेले असते. थर सुटे करणे खर्चाचे, म्हणून भंगारवाला बाटली घेतो, पुठ्ठा घेतो, हे पाकीट घेत नाही. कचरा वेचणारी बाई दिवसभर वाकून शंभर पाकिटे उचलेल, तिला त्याचा पैसा मिळत नाही. २०१६ च्या नियमांनी पुनर्वापर न होणारे असे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायला सांगितले होते. दोन वर्षे भरली आणि २०१८ च्या दुरुस्तीने वाट काढून दिली : जाळून ऊर्जा काढता येत असेल किंवा दुसरा काही उपयोग असेल तर चालेल! त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदी आली. भाजीवालीच्या पिशव्या जप्त झाल्या, दंड झाले. वेफर्सच्या माळा होत्या तिथेच लोंबत राहिल्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर ओसरला तेव्हा घराघरांत चिखल आणि गटारात तुंबलेले प्लास्टिक होते. ते काढायला बाहेरच्या शहरांतून सफाई कामगार आणावे लागले. ते कोणत्या समाजाचे होते हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको. साताऱ्यात कासच्या पठारावर फुले बघायला आलेले लोक पाकिटे टाकून जातात, तीही कोणाच्या तरी हातांनी उचलली जातातच. वर्णव्यवस्थेने घाण उचलायचे काम ज्यांच्यावर लादले, त्यांच्याच पुढे हा नवा चकचकीत कचरा येऊन पडतो.

कायद्याने आपल्या पाकिटांची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपन्या त्यासाठी पैसा मोजतात आणि गोळा केल्याची प्रमाणपत्रे घेतात. मग सातारा नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका यांना आपल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करावा : आपल्या हद्दीत किती टन बहुस्तरीय प्लास्टिक गोळा झाले, ते कोणाला दिले, कंपन्यांकडून किती रक्कम आली आणि त्यातली किती कचरा वेचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या हातात पडली? अर्जाला दहा रुपये लागतात. एका पाकिटाची किंमत!