बॅटमॅनचा खेळ आणि खेळणाऱ्यांचा कौल

श्रोतेहो, माझा एक माजी विद्यार्थी आता महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत निपाणीला मामाकडे राहून बेळगावला परतल्यावर तो मला भेटला व म्हणाला, "सर, बॅटमॅन मंडळींचा तो शेवटचा खेळ अगदी टाकाऊ आहे." मी विचारले, "का बरे?" क्षणभर थांबून तो उत्तरला, "आधीच्या खेळांत मी बॅटमॅन होतो; ह्यात मला त्याच्यावरच धाडले." या उत्तराचाच आज थोडा विस्तार करावयाचा आहे.

१९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आपल्यापैकी पुष्कळांनी मराठीत वाचला असेल. त्याचे पराक्रम आपण दुरून पाहत होतो. व्हिडिओ गेममधील महावीर मात्र खेळणाऱ्याच्या बोटांनी चालतो आणि त्याच्याच चुकीने पडतो. म्हणून खेळणाऱ्याचे मत वाचकाच्या मताहून निराळे असते. गोष्ट कशी होती हे तो सांगतोच, पण त्या वीराच्या जागी आपल्याला काय करावे लागले हेही सांगतो.

लंडनच्या रॉकस्टेडी या संस्थेने २००९ साली 'बॅटमॅन : अर्कहॅम असायलम' हा खेळ काढला. प्रहाराची एक कळ, प्रतिकाराची दुसरी. परंतु वेळ साधली नाही तर दोन्ही व्यर्थ. बंदूकधाऱ्यांवर समोरून चालून गेल्यास बॅटमॅन टिकत नाही. अंधारात, उंचावर दबा धरावा लागतो. प्रतिपक्षाला तो बेशुद्ध करतो, ठार मारीत नाही. नायकाचा स्वभाव हाच खेळाचा नियम झाला होता आणि खेळणाऱ्यांना नेमके तेच भावले. २०११ च्या 'अर्कहॅम सिटी'ची तर त्यांनी अधिकच वाखाणणी केली.

ही स्तुती आंधळी नव्हती. २०१३ साली माँट्रियलच्या दुसऱ्या संस्थेने केलेल्या 'अर्कहॅम ओरिजिन्स'मध्ये नवे काय, असे अनेकांनी विचारले. २०१५ च्या 'अर्कहॅम नाइट'मध्ये बॅटमॅनच्या मोटारीच्या लढाया फार झाल्या, अशी तक्रार आली. त्याची संगणकावरील आवृत्ती तर इतकी सदोष होती की जूनमध्ये विक्री थांबवावी लागली. ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. या दोन तक्रारींतील भेद ध्यानात घ्यावा. कारागिरीतील दोष दुरुस्त होतो; योजनेतील दोष दुरुस्त करणे त्याहून कठीण.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉकस्टेडीचाच 'सुसाइड स्क्वॉड : किल द जस्टिस लीग' आला. यात परग्रहावरील शत्रूच्या कह्यात गेलेल्या महावीरांना ठार मारण्यासाठी चार गुन्हेगार धाडले जातात. बॅटमॅनही मारला जातो. त्याला आवाज देणारे केव्हिन कॉनरॉय नोव्हेंबर २०२२ मध्ये निवर्तले होते. त्यामुळे हा शेवट अनेकांना जिव्हारी लागला. चौघांच्या विद्या निराळ्या असूनही चौघे बहुधा बंदुकाच चालवितात, हा दुसरा आक्षेप. तिसरा आक्षेप असा की एकट्याने खेळतानाही अखंड इंटरनेट लागे. जेथे जोडणीचा भरवसा नाही, तेथे पैसे मोजूनही खेळ बंद! ही अट डिसेंबर २०२४ मध्ये सैल झाली. पुढच्याच महिन्यात नवी भर घालणे थांबले. पात्रांचे संवाद आणि शहरभर झेपावण्याची गंमत आवडलेले खेळाडूही होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि खप अपेक्षेइतका झाला नाही, हे प्रकाशक वॉर्नर ब्रदर्सनेही मान्य केले.

श्रोतेहो, नुसते 'टाकाऊ' म्हणणे हे मत नव्हे आणि खेळ करणाऱ्यांना शिव्या देणे तर नव्हेच. काम कच्चे होते, योजना चुकली, की नायकाशी इमान राखले नाही, एवढे तरी वेगळे करून सांगता आले पाहिजे. घरातला मुलगा एखाद्या खेळावर तावातावाने बोलू लागला, तर त्याला गप्प बसवू नये. काय खटकले ते विचारावे. जो खेळाविषयी कारणे देऊ लागतो, तो उद्या पुस्तकाविषयी आणि गावच्या कारभाराविषयीही देऊ लागेल.

जुन्या सवयीने मी त्या विद्यार्थ्याला आपले मत मराठीत लिहून आणावयास सांगितले. तो हसला, पण आठवड्याने दीड पान घेऊन आला. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, आणि प्रत्येक आक्षेपापुढे 'कारण' हा शब्द होता.